कमरेच्या वर मेलेलं अंजीर

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि कवळीवाले परसात उभे राहून डाळिंबाची साल खरवडत होते. हातात मेण कोरायची छोटी सुरी. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये अडतीस वर्षं वापरलेली, पातं झिजून निम्मं झालेली. साल नखाएवढी सोलायची आणि आतला रंग बघायचा. हिरवा दिसला तर झाड आहे, तपकिरी दिसला तर झाड गेलं. डाळिंब तपकिरी निघालं. कवळीवाल्यांनी खिशातून दोरा ओवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली, पेन्सिलीनं तारीख टाकली, खाली ‘गेलं’ असं लिहिलं आणि फांदीला बांधली.

या चिठ्ठ्याही लॅबमधल्याच. तिथं प्रत्येक साच्याला पेशंटचं नाव लिहून बांधायच्या असत. निवृत्तीच्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक अख्खा खोका त्यांनी घरी आणला. मालकानं भाषणात त्यांचं आडनाव चुकवलं होतं, त्यामुळे खोका उचलताना त्यांना काही वाटलं नाही.

कवळीवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गल्लीनं ठेवलेलं नाव ते, आणि त्यांना ते मान्य होतं. गल्लीबद्दल मात्र त्यांना फारसं काही मान्य नव्हतं. समोरचे निवृत्त मास्तर झाडांशी बोलतात. ‘वर्गात कुणी ऐकलं नाही, म्हणून आता झाडांना धरलंय,’ असं कवळीवाल्यांचं मत. कोपऱ्यावरच्या घरात कुंड्यांना रंग दिलेत आणि आत झाडं नाहीत. जावयानं मोबाइलवर एक सोय करून घेतली आहे, ती माती कोरडी झाली की शिट्टी वाजवते. मागच्या उन्हाळ्यात जावई परगावी असताना ती तीन दिवस वाजत राहिली, पाणी घालायला घरात कोणी नव्हतं. नर्सरीवाल्यानं लाल म्हणून दिलेला गुलाब या आठवड्यात फुलला, तो गुलाबी निघाला. ‘उन्हानं फिकट झाला असेल’, असं नर्सरीवाला म्हणाला. कळी उमलायच्या आधीच तिला ऊन कसं लागलं, हे त्याला सांगता आलं नाही.

यंदाची थंडी वाईट होती. सलग सात रात्री दवाचा बर्फ झाला. वसंत लागल्यावर परसाची हजेरी घेतली तेव्हा चार गुलाब, दोन जास्वंदी, लिंबू आणि जिरॅनियमची सबंध रांग काळी पडलेली होती. ज्यांना काहीच झालं नाही त्यात बायकोनं आणलेल्या पाच पिटुनिया होत्या. कवळीवाले पिटुनियाला फूल मानत नाहीत. लेकीनं दुकानातून उचललेल्या बियांच्या पाकिटातले फ्लॉक्स तर दाटीवाटीनं उगवले होते आणि रंगीबेरंगी फुलत होते. ‘काही करावं न लागता येतं ते असंच असतं,’ असं म्हणून त्यांनी तिकडे पाठ फिरवली.

आता अंजीर उरलं होतं.

अंजीर परसात घरालगतच्या कोपऱ्यात होतं, जिथं दिवसभर ऊन असतं. मनगटाएवढा बुंधा, छातीएवढ्या उंचीवर तीन फांद्या. लॅबच्या मागच्या अंगणात एक जुनं झाड होतं. निवृत्त व्हायच्या आठवडाभर आधी त्याची फांदी कापून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणली आणि रोवली. तिसऱ्या वर्षी फळं आली. कवळीवाल्यांनी आयुष्यात ज्याला नावं ठेवली नाहीत अशी ही बहुधा एकच गोष्ट. फळ चांगलं आहे असं ते बोलून दाखवत नसत, पण फळं मोजून ठेवत आणि पक्ष्यांवर नजर ठेवत.

याच कोपऱ्यावर यंदा घरात करार झाला होता. बायकोला खाली एक खोली हवी होती. झोपायची खोली माडीवर, जिना तेरा पायऱ्यांचा, आणि कवळीवाल्यांचे गुडघे दोन वर्षांपासून वाकत नव्हते. थंडीत एकदा ते सातव्या पायरीवर बसून राहिले. वर जाता येईना, खाली येता येईना. वीस मिनिटांनी बायकोनं शोधलं तेव्हा म्हणाले, ‘चप्पल सटकली.’ गुडघ्याच्या डॉक्टरांना ते सुतार म्हणत, आणि सुतारकाम आपल्याला त्याच्यापेक्षा बरं येतं असंही म्हणत. बायको हट्टाला पेटली. खोली काढायला घरामागचा कोपरा तेवढा होता, आणि तिथं अंजीर होतं. शेवटी ठरलं असं: वीस तारखेपर्यंत अंजीर फुटलं तर खोलीचं नाव काढायचं नाही. नाही फुटलं तर कवळीवाल्यांनी तोंड उघडायचं नाही.

आज वीस तारीख होती.

त्यांनी एका फांदीला सुरी लावली. तपकिरी. दुसरीला लावली. तपकिरी. तिसरीला आणि मग बुंध्याला, कमरेच्या जरा वर. साल कोरड्या पुठ्ठ्यासारखी निघाली. कवळीवाले क्षणभर सुरीच्या टोकाकडे बघत राहिले. मग चिठ्ठी काढली, तारीख टाकली, ‘गेलं’ लिहिलं आणि बुंध्याला बांधली. चावा जुळत नसलेली कवळी त्यांनी अडतीस वर्षांत एकदाही पुढं ढकलली नव्हती. मालक म्हणायचा, ‘चालेल की, पेशंटला सवय होईल.’ ते परत मेण वितळवायचे. झाडाच्या बाबतीत ते खोटं लिहिणार नव्हते.

“ते पाडू नका हं,” भिंतीपलीकडून आवाज आला.

शेजारच्या टायपिस्टबाई. कोर्टात चौतीस वर्षं टायपिंग केलं होतं. बाई बुटक्या, आणि बागकाम करतात ते खुर्चीचे पाय कापून केलेल्या ठेंगण्या स्टुलावर बसून. त्यामुळे भिंतीपलीकडून त्या कधी दिसत नसत, नुसता आवाज येई.

“काय पाडू नका?”

“अंजीर. जिवंत आहे ते.”

“तुम्हाला भिंतीतून आरपार दिसतं वाटतं?”

“भिंतीला खाली भोक आहे ना, पाणी जायचं. त्यातून बुंधा दिसतो. मातीपासून चार बोटांवर दोन डोळे फुगलेत. काडीच्या गुलाएवढे. तुम्ही वर कशाला खरवडत बसलाय?”

“बाई, खालून फुटतं ते खुंटाचं असतं. कलमाचं नाही. जंगली. तुम्ही माझा तो गुलाब उचलून नेलात ना, त्याला काय आलंय इतक्या वर्षांत?”

“पानं.”

“तेच सांगतोय.”

“गुलाबाचं कबूल,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण अंजीर कुठं कलम आहे? तुम्ही फांदी रोवलीत. फांदीच्या खाली काय येणार? तीच फांदी.”

“मी हे तुम्हाला कधी सांगितलं?”

“मला कशाला सांगाल? नर्सरीवाल्याला ओरडून सांगत होतात. सगळ्या गल्लीला पाठ आहे.”

कवळीवाले आत गेले. टायपिस्टबाईंविषयी त्यांचं मत तीन वर्षांपूर्वीच पक्कं झालं होतं. ‘गेलं’ची चिठ्ठी बांधून त्यांनी मागच्या फाटकाबाहेर ठेवलेली कुंडी दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीआधी नाहीशी होई. पहिल्यांदा त्यांना वाटलं, कुंडीसाठी कुणी नेली. मग एकदा बाईंना कुंडी छातीशी धरून जाताना पाहिलं. माणसं मांजरं सांभाळतात, ही बाई मेलेली झाडं सांभाळते, असं त्यांनी बायकोला सांगितलं. तेव्हापासून ते त्यांच्या परसाकडे बघत नसत. दुसऱ्याच्या भंगारात काय बघायचं?

“गेलं,” त्यांनी चहा घेताना बायकोला सांगितलं. “गवंड्याला फोन कर. उद्या येऊ दे.”

बायकोनं कप खाली ठेवला. “नक्की बघितलंत?”

“मी बघितलंय म्हटलं ना.”

तिनं फोन केला. गवंडी आठ वाजता येतो म्हणाला, आणि खोलीत पलंग किती लांबीचा बसणार ते मापून ठेवा, दार कुठं काढायचं ते त्यावर ठरेल, असं म्हणाला. गवंडी म्हणजे एक दार दोनदा पाडून तिसऱ्यांदा बरोबर लावणारा माणूस, हे कवळीवाल्यांना ठाऊक होतं. म्हणून माप त्यांनी स्वतःच घ्यायचं ठरवलं.

दुपारी तीनच्या सुमारास ते टेप घेऊन जिना चढले. एक पाय वर, दुसरा त्याच्या शेजारी. दिवसा माडीवर जायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. रात्री जात तेव्हा पडदे ओढलेले असत. आज खोलीत ऊन आलं होतं आणि पलंगाशेजारची खिडकी सताड उघडी होती. बायकोनं गादी वाळायला टाकली होती.

त्यांनी पलंग मापला. सहा फूट तीन इंच. आकडा लिहायला कागद शोधताना नजर खिडकीबाहेर गेली आणि टायपिस्टबाईंचं परस दिसलं.

आधी त्यांना चिठ्ठ्या दिसल्या. इतक्या लांबून अक्षर दिसत नव्हतं, पण पुठ्ठ्याचा रंग आणि दोऱ्याची गाठ ओळखायला अक्षर लागत नाही. प्रत्येक कुंडीत मधोमध एक वाळलेला, राखाडी दांडा उभा होता आणि त्याला चिठ्ठी लटकत होती. बाईंनी दांडे कापलेच नव्हते. आणि बहुतेक दांड्यांच्या पायाशी, कुंडीच्या काठाच्या जरा वर, हिरवा गुच्छ होता. जास्वंदीला फुलं होती. दोन वर्षांपूर्वी टाकलेलं डाळिंब लालभडक कळ्यांनी भरलेलं होतं. कवळीवाल्यांनी सतरा चिठ्ठ्या मोजल्या. बारांखाली पालवी होती. गुलाबाला खरोखरच नुसती पानं होती, त्यानं त्यांना थोडं बरं वाटलं. पण थोडंच.

सगळे दांडे एकाच उंचीचे वाटत होते. त्यांनी नीट बघितलं. उंची वेगवेगळी होती, पण साल खरवडलेली पांढरट खूण मात्र सगळ्यांवर एकाच ठिकाणी होती. उन्हात ती चमकत होती. फाटकाशी उभ्या माणसाच्या कमरेच्या वर.

ते पलंगाच्या काठावर बसले. लॅबमधलं टेबल कोपराच्या उंचीचं होतं. काम त्यांच्या डोळ्यांपर्यंत यायचं. साचा हातात, हात दिव्याखाली. अडतीस वर्षांत कशासाठी वाकायची वेळ आली नव्हती, आणि गेली दोन वर्षं वाकताच येत नव्हतं. बर्फ वरून खाली येतो. वरचं आधी मरतं, खालचं मागून, आणि पुष्कळदा मरतच नाही. हे त्यांना माहीत होतं. ते नर्सरीवाल्याला हे ओरडून सांगू शकले असते.

त्यांनी टेप खिशात टाकला आणि तेरा पायऱ्या उतरायला घेतल्या.

परसात जाऊन त्यांनी मातीची रिकामी गोणी अंजीराखाली पसरली. मोडकी खुर्ची ओढून आणली, तिला धरून हळूहळू जमिनीवर बसले, मग कुशीवर कलंडले. यात चार मिनिटं गेली असतील. कोपऱ्यातून आता पिटुनिया डोळ्यांच्या उंचीवर दिसत होत्या, पण त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मातीपासून चार बोटांवर सुरी लावली. साल ओली निघाली. आत सोललेल्या वाटाण्यासारखं हिरवं. डोळे दोन नव्हते, तीन होते. तिसरा या बाजूला होता. बाईंच्या भोकातून तो दिसणं शक्यच नव्हतं.

“अर्धवट बघून बोलायची सवय,” ते मातीला म्हणाले.

“अहो.” बायको दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “पडलात?”

“नाही. बघतोय.”

“आडवं पडून?”

“उभं राहून दिसत नाही.”

बायको जवळ आली. त्यांच्या खांद्यावरून तिनं वाकून बघितलं आणि पायरीवर जाऊन बसली. तिकडं भिंतीपलीकडे कुंडीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

“हिरवं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“मग झालं. ठरल्याप्रमाणे. गवंड्याला नको म्हणून कळवते.” तिनं पदराला हात पुसले. आवाजात राग नव्हता, आणि हेच कवळीवाल्यांना आवडलं नाही. “मी काही शब्द मोडायची नाही. फक्त एवढं सांगा, तुम्हाला आता उठवायचं कसं?”

हा प्रश्न त्यांनी विचारात घेतला नव्हता. खुर्ची धरून उठून बघितलं. खुर्ची उलटली. बायकोनं काखेत हात घातले. ती त्यांच्या निम्म्या वजनाची होती. दोघं एकदा थोडे वर आले आणि परत गोणीवर बसले. दुसऱ्यांदा बायकोच्या कंबरेत काहीतरी लचकलं आणि ती ‘आई गं’ म्हणून थांबली.

“बाईंना बोलावू?”

“नको.”

“मग रात्रभर इथंच राहणार? पांघरूण आणू?”

“हाक मार,” कवळीवाले म्हणाले.

हाक मारायची गरज पडली नाही. मागचं फाटक वाजलं आणि टायपिस्टबाई आल्या. त्यांच्या हातात ते ठेंगणं स्टूल होतं. त्यांनी काहीही विचारलं नाही. स्टूल कवळीवाल्यांच्या मागं ठेवलं, म्हणाल्या, “आधी यावर बसा. एकदम उभं राहू नका. जमिनीवरून उठायचं ते दोन टप्प्यांत.” एका बाजूनं बायको, दुसऱ्या बाजूनं बाई. पहिला टप्पा झाला. मग खुर्ची लावून दुसरा. कवळीवाले उभे राहिले तेव्हा धाप लागली होती आणि विजारीचे गुडघे मातीनं भरले होते.

“तीन डोळे आहेत,” ते बाईंना म्हणाले. “दोन नाहीत.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग तीनदा बरं.”

बायको एका हातानं कंबर धरून उभी होती. कवळीवाल्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माडीच्या खिडकीकडे बघितलं, मग अंजीराकडे.

“खोली होऊ दे,” ते म्हणाले.

“अहो, पण ठरलं होतं—”

“ठरलं होतं ते झाड मेलं तर. मेलं नाही. मग आता काय ते मी ठरवायचं. खोली होऊ दे. तू मला रोज जिन्यावरून ओढणार आणि स्वतः पडणार. दोघांनी पडून काय करायचं?”

बायकोनं नाक ओढलं. रडायच्या बेतात असावी असं बाईंना वाटलं, पण ती म्हणाली, “मग उद्या गवंडी काय करणार? झाड उपटून टाकणार?”

“गवंड्याला झाडाला हात लावू देणार नाही. तो भिंत सरळ बांधत नाही, मुळं कुठली सांभाळणार.” कवळीवाल्यांनी घसा साफ केला. पुढचं वाक्य त्यांना जड गेलं. “बाई. तुमच्याकडे भिंतीलगत ऊन किती वेळ असतं?”

“सकाळपासून चारपर्यंत.”

“माती?”

“तुमच्यापेक्षा बरी.”

“ते बघावं लागेल.”

“बघायला काय, खिडकीतून तासभर बघत होतात की.” बाई हसल्या नाहीत. “माडीच्या खिडकीतून. मी खाली बसलेली असते म्हणून मला वर दिसत नाही असं थोडंच आहे?”

कवळीवाल्यांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. “वर गुडघ्याएवढं ठेवून छाटायचं. मेलेलं सगळं काढायचं. तुमच्यासारखे दांडे उभे ठेवायचे नाहीत, ते काय निशाण आहेत? मग दोन फुटांच्या गोलात खणून मुळांचा गड्डा मातीसकट उचलायचा. गड्डा फुटला तर सगळं गेलं. डोळे उघडायच्या आत हलवायला हवं, म्हणजे उद्याच. खड्डा आधी तयार पाहिजे. आणि तुमचा खड्डा म्हणजे खड्डा नसतो, मी बघितलेत. खळगी असते ती.”

“मग तुम्ही येऊन खणा.”

कवळीवाल्यांनी खुर्चीची पाठ धरली.

“मी खणते,” बाई म्हणाल्या. “मास्तरांनाही बोलावते, त्यांचा हात बरा आहे. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, तेवढं तुम्हाला येतं. पण एक अट आहे.”

“कसली?”

“झाड माझ्याकडे आलं की सुरी लावायची नाही. रोज सकाळी उठून साल खरवडायची नाही. जगलं तर दिसेल. मेलं तर तेही दिसेल. टोचून टोचून विचारायचं नाही.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. कवळीवाल्यांनी हातातल्या सुरीकडे बघितलं, पातं विजारीला पुसलं आणि ती खिशात ठेवली.

“मास्तर नको,” ते म्हणाले. “तो झाडाशी बोलत बसेल आणि उशीर होईल.”

“बोलू दे. खणताना माणूस बोलला तरी चालतं.”

“फळं आली तर?”

“आली तर बघू. तुमच्याकडे उंचावरची असायची म्हणून तुम्हाला तोडता यायची. आता खालची येतील. ती मी तोडेन.”

यावर कवळीवाल्यांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मग अंजीरापाशी जाऊन सकाळची चिठ्ठी सोडवली. वाकायला लागलं नाही, ती कमरेच्या वर होती. मागच्या बाजूला काही लिहिलं नव्हतं. पेन्सिल काढून त्यांनी तिथं उद्याची तारीख टाकली, आणि खाली काय लिहावं हे ठरवता न आल्यामुळे तशीच बांधली.

“साडेपाचला या,” ते म्हणाले. “उशीर नको.”

“साडेपाचला अंधार असतो.”

“पावणेसहाला. खड्डा भरल्या भरल्या दोन बादल्या पाणी लागेल, आणि साठवलेलं नको, ताजं हवं.”

उद्या गुरुवार आहे. गुरुवारी या गल्लीला पाणी सहा वाजता येतं आणि पावणेसातला जातं, म्हणजे अंजीर त्याच्या आत खड्ड्यात बसायला हवं.